नोकरी गेली, लग्न मोडलं, प्रार्थना सुचत नाही. मग ख्रिस्ती आशा म्हणजे नेमकं काय?

भाऊ, जय ख्रिस्त. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून भाऊ म्हणते.

तुमचं म्हणणं इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. वय २९, मूळ श्रीरामपूरकडचे, काही वर्षांपासून हिंजवडीत नोकरी. मार्चमध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात तुमचंही नाव आलं. जूनमध्ये ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी कारण सांगितलं नाही, पण ते कळायचं राहिलं नाही. वाकडच्या फ्लॅटवर नव्या संसारासाठी आणलेल्या भांड्यांचे खोके चिकटपट्टीसकट तसेच पडून आहेत. तुम्ही जन्मापासून ख्रिस्ती. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं, चुकवला नाही, संडे स्कूल घेतलं, कसलं व्यसन नाही. आता रविवारी सगळे हात वर करून गातात तेव्हा तुम्ही खिशातला मोबाईल चाचपत उभे असता. घरगुती प्रार्थनेत एकाने सुनावलं की तुमचा विश्वास कमी पडतोय. आईला नोकरी गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. साठवलेल्या पैशांतून तिला दर महिन्याला 'पगार' जातो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की लोक ज्या ख्रिस्ती आशेबद्दल बोलतात ती माझ्यासारख्या हरवलेल्या माणसासाठी खरंच काही आहे, की नुसती मनाची समजूत?

मी पुण्यात मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या वतीने समुपदेशन करते. त्याआधी रुग्णालयांमध्ये भेटीची सेवा केली. डॉक्टर नाही, आणि पाळक म्हणजे चर्चची धर्मगुरूही नाही. त्यामुळे पुढचं सगळं लोकांजवळ बसून जे कळलं त्यावरून लिहिते आहे, ते तसंच वाचा.

तुमच्या पत्रात मला तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. मला झालंय तरी काय? देवाने माझ्याशी असं का वागावं? आणि आशा खरी की खोटी? बहुतेक लोक तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी मागतात. माझ्या अनुभवात पहिला सुटल्याशिवाय तिसऱ्याला हात घालून फायदा नसतो. उपाशी आणि जागरणाने पिचलेल्या माणसाला पुनरुत्थान समजावून सांगू नये.

म्हणून आधी शरीराचं. झोप किती वाजता लागते, पहाटे तीन-चारला जाग येऊन मग डोळ्याला डोळा लागत नाही असं होतं का, जेवण सुटलंय का, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही का, आणि हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर त्याला नैराश्य म्हणत असतील, आणि त्यावर उपचार आहेत. विश्वासाचा आणि त्याचा संबंध कावीळ आणि विश्वासाइतकाच. 'जगून काय करायचं' असे विचार येत असतील तर हे उत्तर पुढे वाचू नका. १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. रांग असते, पण काम होतं. आपल्या समाजात गोळ्या घेणं म्हणजे प्रार्थनेवर भरवसा नाही असं समजणारे लोक आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी मात्र चालते, हे मी बरेचदा पाहिलंय.

हे मी पवित्र शास्त्राबाहेरचं, म्हणजे बायबलबाहेरचं सांगत नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवली असेल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच ईजबेल राणीने धमकी दिली म्हणून हा माणूस जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत आला. उपदेश केला का? नाही. त्याला हात लावून उठवलं आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याचं भांडं होतं. खाऊन तो परत झोपला, आणि त्याला झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तिथेही बोलण्याची सुरुवात प्रश्नाने झाली: तू इथे काय करतोस? एलीया म्हणाला, मी एकटाच उरलोय. त्यावर उत्तर आलं की तुझ्यासारखे ७,००० अजून आहेत, आणि जोडीला अलीशा नावाचा माणूस मिळेल. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जेवण, झोप, मग विचारपूस, आणि त्यानंतर काम आणि सोबत. आपल्या प्रार्थना सभांमध्ये हा क्रम बहुधा उलटा चालतो.

आता दुसरा प्रश्न. 'मी सगळं नीट केलं, तरी असं का?' पत्रात हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण खरी कळ तिथेच आहे असं मला वाटतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या हरवण्याच्या तीन गोष्टी आहेत. आपण त्या एकाच सुरात सांगतो, पण हरवण्याची तऱ्हा प्रत्येकीत वेगळी आहे. मेंढरू चरता चरता भरकटलं. नाणं बिचारं कुठे गेलं नाही. ते दुसऱ्याच्या हातून पडलं, त्याचा काहीच दोष नाही. धाकटा मुलगा बापाचं घर सोडून जाणूनबुजून गेला. म्हणून समोर कोणी 'मी हरवलोय' म्हणत आलं की मी मनाशी विचारते, यातलं कोणतं? कंपनीने ज्याला काढलं तो नाण्यासारखा आहे. त्याला पश्चात्ताप करायला लावणं म्हणजे अन्याय आहे. ज्याने पत्त्यांत पगार उडवला त्याला 'तुझा काही दोष नाही' म्हणणंही तितकंच चुकीचं. सगळ्यांना एकच औषध देऊन चालत नाही.

पण त्या अध्यायात चौथा हरवलेलाही आहे. थोरला भाऊ. तो घरीच होता, रोज शेतात राबत होता. धाकटा परत आला म्हणून बापाने मेजवानी दिली आहे हे कळल्यावर तो दाराशी अडून बसला. म्हणाला, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, कधी आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं करडूही कधी दिलं नाहीत. भाऊ, रागावू नका, पण तुमचा दशांश, संडे स्कूल, निर्व्यसनीपणा यांची यादी वाचताना मला हा माणूस आठवला. तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. त्याच्या बोलण्यात एक हिशेब आहे: मी एवढं दिलं, तेव्हा देवाने एवढं द्यायला हवं. मार्चपर्यंत तो हिशेब जुळत होता. आता जुळत नाही, आणि तुम्हाला वाटतंय की विश्वास गेला. माझ्या मते गेलाय तो हिशेब. तो जाताना फार दुखतं, कारण तो लहानपणापासून आपल्याजवळ असतो. आपल्या घरांमध्ये तो दुधाबरोबर पाजला जातो.

आणि गोष्टीत बाप काय करतो पाहा. थोरल्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. पुढे तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलंच नाही. ऐकणारे परूशी आणि शास्त्री होते, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे नियमाने वागणारे लोक. शेवट त्यांच्यावर सोडला.

या चारही हरवलेल्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. कोणीतरी शोधायला बाहेर पडलंय. मेंढपाळ रानात जातो, बाई दिवा लावून घर झाडते, एका मुलासाठी बाप धावत सुटतो, दुसऱ्यासाठी अंगणात येतो. मेंढराला कोणी म्हणत नाही की तुझा विश्वास वाढव म्हणजे वाट सापडेल. ख्रिस्ती आशा भविष्याच्या अंदाजापासून सुरू होत नाही. आपल्याला कोणी शोधतंय, इथून ती सुरू होते. नोकरी कधी लागेल याचं भाकीत तिच्यात नाही.

भाकीत करणारे मात्र पुष्कळ भेटतील. 'चाळीस दिवस उपास धर, एवढं अर्पण दे, पत्र हातात येईल' असं सांगणारी सभा पिंपरी-चिंचवडमध्ये तुम्हाला कोणीतरी दाखवेलच. जाऊ नका. निदान पैसे तरी देऊ नका, तुमची शिल्लक आधीच आईकडे चालली आहे. ही जात नवी नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या काळी, ख्रिस्तपूर्व ५९७च्या सुमारास, बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजाने यरुशलेममधून राजाला, सरदारांना आणि कारागीर-लोहारांना पकडून नेलं. थोडक्यात, ज्यांच्या हातात कसब होतं त्यांना उचलून परक्या शहरात बसवलं. (हिंजवडीतल्या मुलांना मी हा भाग सांगते तेव्हा ती हसतात.) तेव्हा हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून म्हणाला, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना बरं वाटलं असणार. यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र धाडलं: ७० वर्षं लागतील. घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

याच पत्रातलं एक वचन आपल्याकडे घराघरांत टांगलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या चित्रासकट तुम्हालाही आलं असेल. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भविष्य आणि आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं. वचन खरं आहे. पण ते ७० वर्षांच्या वाक्यानंतर लगेच येतं. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यातले बहुतेक परत गेलेच नसणार. त्यांच्यासाठी आशेचा अर्थ होता आजच्या जागी मुळं धरणं, आणि ही जागा देवाच्या नजरेबाहेर नाही यावर विसंबणं. म्हणून मी तुम्हाला अगदी किरकोळ वाटेल अशी गोष्ट सांगते: तो खोका उघडा. सगळे नाही, एक. त्यातला कुकर काढा आणि त्यात स्वतःसाठी वरणभात लावा. ती भांडी लग्नाची म्हणून राखून ठेवलीत, तोवर तुम्ही जूनमध्येच राहताय. काहींना याने उलट जास्त रडू येतं. येऊ द्या. फारच जड गेलं तर बंद करा आणि डॉक्टरांशी बोलून झाल्यावर बघा. याची घाई नाही.

आता तिसरा प्रश्न, खरं की खोटं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. ख्रिस्ती आशा येशू मेलेल्यांतून उठला या एका गोष्टीवर टिकते किंवा पडते. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हे उघड लिहिलंय: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. एखाद्याला हे पटत नसेल तर 'तरीपण आशा ठेव' असं मी त्याला म्हणत नाही. तो आशावादी स्वभावाचा प्रश्न होतो, आणि स्वभाव सांगून बदलत नाही. तुम्हाला ते पटतं असं धरून पुढे लिहिते. हे वाचणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले पुष्कळ असतील. त्यांनी यातलं झोपेचं, डॉक्टरांचं आणि आईचं तेवढं घेतलं तरी माझी काही हरकत नाही.

उठलेल्या येशूबद्दल दोन तपशील मी लोकांना परत परत दाखवते. एक, त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमा या शिष्याला त्याने ते दाखवले. म्हणजे जे झालं ते पुसलं गेलं नाही. तुमचा मार्च आणि जून पुसला जाईल असं वचन कोणी देत असेल तर ते शास्त्रातलं नाही. दुसरा तपशील अम्माऊसच्या वाटेचा. दोन शिष्य यरुशलेम सोडून चालले होते, जवळपास ११ किलोमीटरची वाट. तोंडं उतरलेली. तो त्यांना गाठतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. तो विचारतो, चालता चालता कशाबद्दल बोलताय? खरं तर ते त्याच्याच मरणाबद्दल बोलत होते. तरी त्याने सगळं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. आम्हाला आशा होती, असं ते म्हणतात, सरळ भूतकाळात. त्याने त्यांना मध्येच तोडलं नाही. ते चुकीच्या दिशेने जात होते तरी तो त्यांच्याबरोबर चालत राहिला. नंतर तो शास्त्र उलगडतो, थोडं फैलावरही घेतो, पण पूर्ण ऐकून झाल्यावर. त्याला त्यांनी ओळखलं ते संध्याकाळी, भाकर मोडताना.

माझ्या कामाची पद्धत मी याच प्रसंगावरून घेतली. सांगून टाकल्याशिवाय माणूस सापडत नाही. आणि तुमच्या बाबतीत मला सर्वात जास्त टोचतं ते हेच. नोकरी गेली हे बहुतेक कोणालाच ठाऊक नाही. मंडळीत नाही, आईला नाही, आणि प्रार्थनेत देवालाही तुम्ही ते नीट सांगितलं असेल असं वाटत नाही, कारण तिथेही आपण 'प्रभू, तू चांगला आहेस'ने सुरू करतो आणि तिथेच अडकतो.

प्रार्थना सुचत नाही म्हणता, तर सुचवायच्या भानगडीत पडू नका. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांची संख्या मोठी आहे; आपल्या उपासनेत ती फारशी वाचली जात नाहीत एवढंच. १३वं घ्या, त्यात भक्त विचारतो की देवा, तू मला कुठवर विसरणार. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी स्तुती करीन' वगैरे काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडून निघाले ते २२व्या स्तोत्राचे शब्द: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तो प्रश्न विचारण्याला जर अविश्वास म्हणायचं, तर फार अडचण होईल. रोज एक स्तोत्र, मोठ्याने, फ्लॅटमध्ये कोणी नसताना. मनात काही हललं नाही तरी वाचा. दुसऱ्यांच्या शब्दांवर काही दिवस राहता येतं.

आपल्या पुण्याच्या परिसरातलंच एक उदाहरण देते. पंडिता रमाबाई. केडगावचं मुक्ती मिशन बहुतेकांना माहीत असतं, दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव स्टेशन लागतं. पण आपण त्यांची गोष्ट मुक्तीपासून सांगतो आणि मधली वर्षं गाळतो. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. मग भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं त्या स्वतःला सापडलेल्या समजत नव्हत्या. पुढे त्यांनीच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी बाई, बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जगासमोर हे लिहिते. तेव्हा घरगुती प्रार्थनेत तुम्हाला 'विश्वास कमी पडतोय' म्हणणाऱ्या गृहस्थांनी जरा सबुरीने घ्यावं. केडगावला लोक दुष्काळातल्या बायका-मुलींची सेवा आठवतात ते बरोबरच आहे, पण तिथे जे उभं राहिलं ते एका रात्रीत आलेल्या आनंदातून उभं राहिलेलं नाही.

त्या गृहस्थांवरून आठवलं. बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाचं सगळं गेलं आणि त्याचे मित्र भेटायला आले तेव्हा सात दिवस-रात्र ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढं त्यांनी उत्तम केलं. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. शेवटी देवाने सांगितलं की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, हे नव्हेत. ज्यांच्या ओळखीत असा कोणी भाऊ किंवा बहीण आहे त्यांनी पहिल्या सात दिवसांपुरतं अनुकरण करावं.

मंडळीबद्दल. तुम्ही ज्या ठिकाणी जाता तिथे पडद्यावर गाणी, चांगला बँड, शेकडो माणसं. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही एखाद्या रविवारी आला नाहीत तर कोणाच्या लक्षात येईल? येत नसेल तर काही महिने लहान मराठी मंडळीत जाऊन बघा. तिथे पेटी थोडी बेसूर असेल, उपदेश लांबेल, आणि भक्तीनंतर कोणीतरी आजीबाई 'तू कोणाचा रे?' म्हणून गाठतीलच. आत्ता तुम्हाला त्या आजीबाई हव्या आहेत.

आणि गायला जमत नसेल तर हाताला काम मागा. आमच्या मंडळीत नाताळाआधी महिला मंडळ चर्चमागच्या खोलीत फराळ करतं. एका वर्षी एक गृहस्थ किल्ली द्यायला आले होते, साठीच्या आसपासचे, त्याच वर्षी बायको गेलेली. उपासनेला यायचे, मागे बसायचे, आशीर्वचनाआधी निघून जायचे. कोणीतरी त्यांच्या हातात कातणं दिलं, म्हणालं, करंज्या तेवढ्या कापून द्या. त्यांनी पहिल्या चार-पाच कापल्या आणि तेलात सोडल्या तशा त्या उकलल्या, सारण कढईत पसरलं. 'अहो काका, कडेला दूध लावून दाबायचं आधी!' म्हणून एकीने दाखवलं. ते वाटीत बोट बुडवून कडा दाबायला लागले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, म्हणाले, ती सारणात खसखस भाजून घालायची. तिथे असलेल्या कोणालाही त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोचा उल्लेख तोवर ऐकायला मिळाला नव्हता. एक बाई म्हणाल्या, मग आणा उद्या खसखस. त्यांनी आणली. त्यांचं दुःख त्याने गेलं असं मुळीच नाही. पण पुढे ते आशीर्वचनापर्यंत थांबायला लागले. मला विचाराल तर आशा डोळ्यांना दिसते ती साधारण एवढ्याच आकारात. तुम्हाला तुमच्या मंडळीत सतरंज्या उचलायच्या की पोरांना गणित शिकवायचं, ते तिथल्या गरजेवर आहे.

आतापर्यंतचं एकत्र सांगते: शरीराची तपासणी आधी, देवाशी असलेला हिशेब मोडलाय तो जोडत बसू नका, तारीख सांगणाऱ्यांपासून लांब राहा, गाऱ्हाणं शास्त्राच्या शब्दांत करा, आणि जिथे तुमची गैरहजेरी कोणाला जाणवेल अशा जागी जा.

राहिली आई. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. सांगावं की नाही हे बहुतेक वेळा मी ज्याचं त्याच्यावर सोडते. आईला हृदयविकार असेल, घरात दुसरं काही मोठं चाललं असेल, तर वेळ आणि पद्धत बदलावी लागते. तसं काही नसेल तर सांगा, आणि फोनवर नको. एक शक्यता मात्र लक्षात घ्या. लग्न मोडण्याचं कारण मुलीकडच्यांना ठाऊक होतं. नगर जिल्ह्यातला आपला समाज किती एकमेकांत गुंतलाय ते तुम्ही जाणता. एका कॉन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला, सगळं गाव सगळ्या गावांना भेटतं. बातमी श्रीरामपूरपर्यंत पोहोचली नसेल असं मला वाटत नाही. आई रोज फोनवर 'मंडळीत गेलास का, जेवलास का' विचारते असं तुम्ही वैतागून लिहिलंय. कदाचित ती दुसरंच काही विचारत असेल, आणि तुम्ही बोलाल म्हणून थांबली असेल.

शनिवारी एसटीने निघा. जाताना बँकेतल्या शिल्लकीचा आकडा कागदावर लिहून न्या, म्हणजे ऐनवेळी तो कमी-जास्त सांगायचा मोह होणार नाही. जेवणं झाल्यावर सांगा. 'काळजी करू नकोस'ने सुरुवात करू नका. काय झालं ते महिन्यांच्या क्रमाने सांगा, मार्च मग जून. ती रडेल, चिडेल, पैसे पाठवलेत म्हणून जास्त चिडेल. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. रविवारी तिच्याबरोबर चर्चला जा, गाणं नाही आलं तर नुसते तिच्या शेजारी उभे राहा. निघण्याआधी पुढच्या महिन्यापासून किती पैसे पाठवायचे, की काही दिवस अजिबात पाठवायचे नाहीत, ते दोघांनी मिळून ठरवा. आणि सोमवारी पुण्यात आलात की डॉक्टरांची वेळ घ्या. पहिल्या भेटीला कोणी सोबत असलेलं बरं असतं. रूममेटला विचारा, नाहीतर आईलाच चार दिवस वाकडला घेऊन या. खोके उघडायला तिचा हातही लागेल.